ट्रेलसाठी सस्पेन्शन फोर्क निवडताना ट्रॅव्हलच्या आधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २९ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल (म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल), पुढे १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा स्प्रिंगचा फोर्क, पुढचं चाक क्विक रिलीजचं (खटका उघडून निघणारं), चालवणाऱ्याचं वजन ६२ किलो. रविवारी पुण्याजवळच्या बोपदेव-कानिफनाथच्या बाजूच्या टेकड्या, सुट्टी मिळाली की कोकण. उतारावर हात भरून येतात आणि दगडांवर पुढचं चाक उडतं, म्हणून जास्त ट्रॅव्हलचा फोर्क बसवायचा विचार आहे. नावाजलेल्या कंपनीचा १५० मिमीचा एक जुना फोर्क स्वस्तात मिळतोय. तेवढ्याच पैशांत मधल्या दर्जाचा १२० मिमीचा नवा एअर फोर्कही (ज्यात स्प्रिंगचं काम हवा करते) येतो. कोणता घ्यावा?

१२० चा घ्या. तुमचा फोर्क बदलायला हवा हे खरं आहे, पण त्याची लांबी अपुरी आहे म्हणून नव्हे. हात भरून येणं आणि चाक उडणं ही दोन्ही लक्षणं तुमच्या वजनाला न जुळणाऱ्या स्प्रिंगची आणि कामचलाऊ डॅम्परची (स्प्रिंगच्या उसळीवर लगाम ठेवणाऱ्या भागाची) आहेत. ट्रॅव्हल किती, हा प्रश्न या दोन्हींच्या नंतर येतो. त्याच्याही आधी तुमची फ्रेम काय सोसू शकते ते बघावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१०० मिमीच्या फोर्कसाठी आखलेल्या हार्डटेलमध्ये हेडट्यूबचा (फोर्क ज्यात बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन, सीटट्यूबचा कोन, बीबीची (पेडलचा आस जिथे बसतो त्या भागाची) जमिनीपासूनची उंची हे सगळं त्या फोर्कची लांबी धरूनच ठरवलेलं असतं. फोर्क २० मिमीने लांब झाला की हेडट्यूब साधारण १ अंशाने मागे झुकते, बीबी ७ मिमीच्या आसपास वर जातो आणि रीच, म्हणजे बीबीपासून हेडट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर, १० मिमीच्या आसपास घटते. एवढा बदल अंगवळणी पडतो. उतारावर तर तो फायद्याचाच ठरतो, कारण पुढचं चाक जरा पुढे सरकतं आणि हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची भीती कमी होते. ५० मिमी वाढवलेत तर हेच आकडे अडीच अंश आणि १७-१८ मिमी होतात. सीटही तेवढीच मागे झुकते, वजन मागच्या चाकावर जातं आणि चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटायला लागतं. तुम्हाला दर वेळी आधी चढून मगच उतार मिळणार आहे. तो चढ वाईट करून घेणारा फोर्क कितीही भारी असला तरी तुमच्या कामाचा नाही.

आणि हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. फोर्क ही हेडट्यूबवर काम करणारी तरफ आहे. ती जितकी लांब, तितका प्रत्येक धक्क्याचा आणि प्रत्येक ब्रेकचा ताण डाउनट्यूब जिथे हेडट्यूबला वेल्ड केलेली असते तिथे वाढतो. तिथे तडा गेला तर तो पुढचं चाक दगडावर आदळत असतानाच उघडतो. म्हणून फ्रेम बनवणाऱ्या कंपन्या जास्तीत जास्त किती लांबीचा फोर्क चालेल ते ठरवून देतात. काही १०० च्या फ्रेमला १२० ची परवानगी देतात, काही १०० वरच थांबवतात. तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात ते शोधा, सापडलं नाही तर डीलरमार्फत कंपनीला विचारा. उत्तर १०० आलं तर १०० मिमीचाच चांगला एअर फोर्क घ्या, त्यानेही तुमची सायकल ओळखू येणार नाही इतकी सुधारेल.

तुलना करताना ट्रॅव्हलचा आकडा पुरत नाही. एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतची (फोर्कच्या दोन नळ्या वर जोडणाऱ्या भागापर्यंतची) प्रत्यक्ष उंची बघावी लागते, कारण एकाच ट्रॅव्हलच्या दोन फोर्कांमध्ये त्यात १० मिमीपर्यंत फरक सापडतो. शिवाय सॅगचा हिशेब आहे, जो बहुतेक जण धरतच नाहीत. सॅग म्हणजे तुम्ही सायकलवर उभे राहिल्यावर फोर्क आपोआप जितका दबतो तेवढं अंतर. तुमचा स्प्रिंगचा फोर्क ६२ किलोखाली जेमतेम १० मिमी दबत असेल, म्हणजे चालवताना तो ९० वर उभा असतो. १२० मिमीचा एअर फोर्क २० ते २५ टक्के सॅगवर लावला की २४ ते ३० मिमी दबून ९० ते ९६ वर येतो. याचा अर्थ सायकलवर बसल्यावर तिची ठेवण फारशी बदलतच नाही, पण खड्ड्यात चाक खाली सोडायला २४-३० मिमी आणि धक्का घ्यायला ९० मिमी तुमच्या हाती राहतात. १२० का, याचं माझं खरं उत्तर हे आहे.

आता मापं. इथे चूक झाली तर बॉक्स उघडून तसाच परत करावा लागतो. हेडट्यूबचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. वर-खाली दोन्हीकडे ३४ मिमी असेल तर तुम्हाला सरळ, म्हणजे सव्वा इंच नव्हे तर १ पूर्णांक १/८ इंची स्टिअररचाच (हेडट्यूबमधून वर जाणाऱ्या फोर्कच्या नळीचाच) फोर्क बसेल आणि निवड बरीच आक्रसेल. दोन्हीकडे ४४ मिमी असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणारा स्टिअररही बसतो, मात्र तो कप पुढची बाजू आणखी १० मिमीच्या वर उचलतो, ते वरच्या हिशेबात धरा. वर ४४ आणि खाली ५६ असेल तर टेपर्ड सरळ बसेल. काही फ्रेममध्ये बेअरिंग कपाशिवाय थेट बसतात. तिथे हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंगची जोडणी) काढून बेअरिंगवर छापलेलं माप वाचणं सोपं पडतं.

एक्सलचा खर्च मात्र लोक विसरतात. आजचे चांगले ट्रेल फोर्क बहुतेक १५ बाय ११० मिमीच्या बूस्ट (म्हणजे जास्त रुंद हबच्या) थ्रू-एक्सलचे, म्हणजे हबमधून आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचे असतात, तुमचं हब १०० मिमीचं क्विक रिलीज आहे. हबची टोकं बदलून १५ मिमी होत असतील तर दोन्ही बाजूंना ५ मिमीचे स्पेसर आणि डिस्कखाली एक स्पेसर देऊन काम भागतं. साधं कप-कोन बेअरिंगचं हब असेल तर ते होत नाही. मग नवं हब आणि चाक पुन्हा बांधून घेणं, किंवा पूर्ण नवं चाक. हा खर्च फोर्कच्या किमतीत आत्ताच मिळवा. हे जमणार नसेल तर ९ मिमी क्विक रिलीजचे बरे एअर फोर्कही मिळतात, त्यात कमीपणा काही नाही. पण जमत असेल तर थ्रू-एक्सलच घ्या. वळणात दगडावर चाक घासलं तरी फोर्कचे दोन्ही पाय एकत्र वळतात आणि तुम्ही दिलेली दिशा चाक धरून ठेवतं. ब्रेकचं माउंटही बघा. फोर्कवर थेट १८० मिमी डिस्कचं माउंट असेल तर तुमची १६० ची डिस्क त्यावर लागणार नाही.

ऑफसेटबद्दल, म्हणजे स्टिअररच्या रेषेपासून एक्सल किती पुढे असतो त्याबद्दल, एवढंच: २९ इंची फोर्क ४४ आणि ५१ मिमीच्या आसपासच्या ऑफसेटमध्ये येतात. तुमची फ्रेम उभ्या हेडट्यूबची, जुन्या आखणीची वाटते. तिला ५१ च्या जवळचा ऑफसेट ठेवलात तर संथ चढावर हँडल जड लागणार नाही.

आता डॅम्परकडे येतो, कारण पैसे इथे खर्च करायचे असतात. स्प्रिंग, मग ती लोखंडी असो की हवेची, धक्क्याची ऊर्जा साठवते आणि परत फेकते. ती परत फेकण्यावर लगाम ठेवायचं काम डॅम्परचं. आत तेल असतं आणि ते पिस्टनच्या भोकांतून ढकललं जातं. पिचकारीचं भोक बारीक असलं की दांडा दाबायला जोर लागतो, तसंच. स्वस्त फोर्कमध्ये ही भोकं ठरावीक आकाराची असतात. हळू दाबलं तर तेल सहज जातं आणि फोर्क ब्रेक लावताच डोकं खाली घालतो. कातळाच्या धारेवर चाक जोरात आदळलं तर तेवढ्या वेळात तेल त्या भोकातून जाऊच शकत नाही, फोर्क क्षणभर दगडासारखा घट्ट होतो आणि तो दणका थेट मनगटात येतो. चांगल्या डॅम्परमध्ये भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची, म्हणजे शिमची चळत असते. जोर वाढला की चकत्या वाकतात आणि तेलाला वाट मोकळी करून देतात. त्यामुळे ब्रेकखाली फोर्क उभा राहतो आणि धारेवर मात्र दबतो. या दोन्ही गोष्टी एकाच फोर्कला एकाच वेळी जमणं, हीच त्याची किंमत. लो-स्पीड आणि हाय-स्पीड कॉम्प्रेशन हे शब्द वाचाल तेव्हा लक्षात असू द्या की तिथे वेग सायकलचा नसून फोर्क दबण्याचा असतो. सावकाश चालवतानाही पायरीवरून उतरलात की हाय-स्पीडचंच काम पडतं.

आपल्याकडच्या जमिनीला हे फार लागू पडतं. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर घट्ट जमिनीवर मुरूम पसरलेला असतो, पुढचं चाक त्यावर तरंगल्यासारखं होतं. तिथे फोर्कने बारीकसारीक खळगेही टिपले पाहिजेत, म्हणजे टायर जमिनीला चिकटून राहतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मधूनच उभ्या धारेच्या पायऱ्या लागतात, तिथे शिमवाल्या कॉम्प्रेशनची परीक्षा असते. कोकणात आणि गोव्यात सड्यावर गेलात की जांभा लागतो. खाचाखळग्यांचा, खरखरीत, न संपणारा. मोठा धक्का एकही नसतो, पण छोट्या धक्क्यांची रांग इतकी लांब असते की रिबाउंड (दबून परत वर येण्याचा वेग) फार हळू लावलेला फोर्क दर धक्क्यानंतर पूर्ण उघडतच नाही, आत आत दबत जातो आणि शेवटी त्यात ट्रॅव्हलच उरत नाही. यातल्या कुठल्याही जागी मला १२० मिमीचा चांगल्या डॅम्परचा फोर्क हवा असतो. वाईट डॅम्परचे १५० मिमी तिथे उपयोगाचे नाहीत. १९९० साली अमेरिकेत ड्युरँगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने डाउनहिल जिंकली ती रॉकशॉक्स कंपनीच्या पहिल्या आरएस-१ फोर्कवर, आणि त्याचं ट्रॅव्हल जेमतेम दोन इंच होतं. हवेची स्प्रिंग आणि तेलाचं डॅम्पिंग मात्र त्यात होतं.

६२ किलो वजनाला आणखी एक गोष्ट लागू होते, जी दुकानात कोणी सांगत नाही. फोर्कची कारखान्यातली जुळणी बहुधा तुमच्यापेक्षा जड माणूस धरून केलेली असते. तुम्ही हवा कमी भरणार, मग ती कमी हवा फोर्कला परतही हळू ढकलणार, त्यामुळे रिबाउंडचं बटण जवळपास पूर्ण उघडं ठेवावं लागेल. काही फोर्कांत पूर्ण उघडूनही तो संथच राहतो. म्हणून घेण्याआधी दुकानात तुमच्या वजनाची हवा भरून घ्या, रिबाउंड पूर्ण उघडा, फोर्क दाबून सोडा. तो झटकन वर येऊन अजून मंद करायला वाव उरला पाहिजे. वाव नसेल तर दुसरा बघा.

एअर की कॉइल (लोखंडी स्प्रिंग), हा प्रश्न त्यामुळे तुमच्यासाठी सुटलेलाच आहे. कॉइल सुरुवातीच्या दाबाला कायम मऊ राहते आणि तापमानाने फरक पडत नाही हे खरे गुण आहेत, पण तिची ताकद बदलायची तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि स्वस्त फोर्कांना वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा आपल्याकडे सहज मिळत नाहीत. वरचं प्रीलोडचं बटण फिरवून स्प्रिंग मऊ-कडक होत नाही, फक्त ती दबायला कुठून सुरुवात करते ते बदलतं. एअरमध्ये शॉक पंपाने तुमच्या वजनाला हवी तेवढी हवा भरता येते, आत प्लास्टिकचे टोकन टाकून शेवटचा भाग घट्ट करता येतो, आणि वजन बरंच वाचतं. स्टीलच्या नळ्यांचा कॉइल फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, रॉकशॉक्स पाइकच्या वर्गातला एअर फोर्क दोन किलोच्या आत. पुढचं चाक उचलून दगडावर ठेवताना हा फरक जाणवतो.

नळ्यांच्या जाडीबद्दल: तुमच्या सध्याच्या फोर्कच्या नळ्या २८ किंवा ३० मिमीच्या असतील. १२० मिमीला ३२ पुरतात, ३४-३५ असतील तर उत्तम. ३६ आणि ३८ हे जड सायकलींचं आणि मोठ्या उड्यांचं काम आहे, तुमच्या फ्रेमला त्याचा उपयोग नाही.

नावं घ्यायची तर रॉकशॉक्स रेकॉन, एसआर सनटूर रायडॉन, मॅनिटू मारखोर हे तुमच्या खर्चाच्या टप्प्यात येणारे एअर फोर्क. त्यांच्या वर मार्झोकी बॉम्बर झेड-२, आणि त्याहून वर रॉकशॉक्स पाइक आणि फॉक्स ३४. पैसे ताणायचेच असतील तर पहिल्या टप्प्यातून झेड-२ पर्यंत ताणा, तिथे मिळणारा फरक तुम्हाला पहिल्याच उतारावर कळेल. त्यापुढचा फरक खरा असला तरी तो ओळखायला चालवण्याचा वेगही लागतो. मॉडेलच्या नावामागच्या अक्षरांकडे नीट बघा. एकाच नावाखाली कॉइल आणि एअर, साधा डॅम्पर आणि चांगला डॅम्पर असे प्रकार विकले जातात. लॉकआउटसाठी, म्हणजे फोर्क दबूच नये म्हणून असलेल्या खटक्यासाठी, जास्तीचे पैसे देऊ नका. डांबरी चढावर तो बरा वाटतो, बाकी ट्रेलवर विसरून लागलेलाच राहिला तर उतारावर धोकाच.

तरी जुनाच फोर्क हवा असेल, १५० नव्हे पण १२० चा कुठे मिळाला, तर सगळी हवा सोडून तो पूर्ण दाबायला सांगा. अडखळत असेल तर आतल्या बुशिंगला (नळी जिच्यात सरकते त्या कडीला) किंवा नळीला बाक आहे. नळ्यांवरून नख फिरवा. नख अडेल असा ओरखडा सीलच्या वाटेत असेल तर तेल गळणार आणि धूळ आत जाणार, मग किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. सायकलवर बसवलेला असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि नळी जिथे खालच्या पायात शिरते तिथे बोट ठेवा. तिथे खटखट जाणवली तर बुशिंग झिजलेत. उभं राहून हँडलवर जोर दिल्यावर क्राउनमधून करकर आवाज येत असेल तर तो दुरुस्त होत नाही, वरचा पूर्ण भाग बदलावा लागतो. आणि स्टिअररची लांबी मोजा. हेडट्यूब, हेडसेटचे वर-खालचे थर, स्पेसर आणि स्टेमची उंची मिळून जेवढं होईल त्यापेक्षा ३ मिमी कमी, एवढी किमान हवी. कापलेला स्टिअरर वाढवता येत नाही.

बसवल्यानंतर फोर्कच्या पायावरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरा, मग फोर्क सावकाश दहा-बारा वेळा दाबा म्हणजे निगेटिव्ह चेंबरमध्ये (मुख्य हवेच्या विरुद्ध ढकलणाऱ्या आतल्या छोट्या कप्प्यात) हवा समान होईल, आणि दाब पुन्हा बघा, तो उतरलेला असतो. पंप काढताना फुस्स आवाज येतो ती हवा पंपाच्या नळीतली असते, फोर्कमधली नव्हे. घाबरून जास्त भरू नका. हेल्मेट, पाण्याची बॅग असं सगळं घेऊन पेडलवर उभे राहा, नळीवरचं रबरी ओ-रिंग खाली सरकवा, हलकेच उतरा आणि सॅग मोजा. २४ मिमीपासून सुरुवात करा. त्यानंतर ट्रेलचा एकच छोटा तुकडा निवडून त्यावरच फेऱ्या मारा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टायरमध्ये हवा जास्त असेल तर यातलं काही कळणार नाही. २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायरला तुमच्या वजनाला पुढे २० ते २२ पीएसआय पुरतात.

शेवटी देखभाल, आणि ती विकत घेण्याच्या निर्णयाचाच भाग आहे. रॉकशॉक्स ५० तासांनी खालच्या पायांची सफाई सांगते, फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. दर रविवारी तीन तास चालवलंत तर ५० तास चार महिन्यांत भरतात. आपल्या उन्हाळ्यातली बारीक धूळ आणि पावसाळ्यातला तांबडा चिखल पाहता मी दोन वेळा ठरवून टाकायला सांगतो, एकदा पावसाआधी आणि एकदा ऑक्टोबरात. उघडल्यावर तेल दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय. सायकल धुताना प्रेशरचा फवारा सीलवर कधीच मारू नका. हे काम घरीही होतं. ॲलन की, रबरी हातोडी, नव्या सील, फोमच्या कड्या आणि मोजून घातलेलं तेल लागतं. फक्त काहीही सैल करण्यापूर्वी हवा पूर्ण सोडा, नाहीतर दाबाखालचा भाग उडून इजा होते. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा की या मॉडेलचा सील किट आज तुमच्याकडे आहे का. नसेल, आणि कुठून, किती दिवसांत येईल हेही तो सांगू शकत नसेल, तर त्याच दर्जाचा ज्याचा किट मिळतो तो फोर्क घ्या, मग त्याचं वजन शंभर-दोनशे ग्रॅम जास्त असलं तरी.